आधी काय घडले ते ठरवा: कामाच्या ठिकाणच्या गैरवर्तनाविषयी प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांत नोटीस लिहिणारेही आहेत आणि नोटीस हातात पडलेलेही. दोघांचे प्रश्न मुद्दाम एकत्र घेतले आहेत. कर्मचाऱ्याला मी दिलेले उत्तर एचआरने वाचावे आणि एचआरला दिलेले कर्मचाऱ्याने. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा तिच्यात सामावला गेला. गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि त्यावर कारवाई कशी करायची, याची आस्थापनेची लेखी नियमावली म्हणजे स्थायी आदेश. नव्या संहितेत त्यांची सक्ती ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. लहान कंपन्यांत आणि व्यवस्थापकीय पदांवर नेमणूकपत्र व कंपनीची आचारसंहिता यांनाच वजन येते. पण समोरच्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा करायची नाही, हे पथ्य सगळीकडे सारखेच पाळायचे आहे.

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर सांभाळते. आमचा एक टीम लीडर दर तिमाहीला सगळ्यांत जास्त धंदा आणतो, पण हाताखालच्या लोकांना चारचौघांत वाट्टेल ते बोलतो. दोघे जण सोडून गेले, दोघांनीही कारण 'वैयक्तिक' लिहिले. विभागप्रमुख म्हणतात, 'त्याचा स्वभावच तसा आहे, मनात काही नसतं.' फाईलमध्ये एक कागद नाही. सुरुवात कुठून करू?

त्या रिकाम्या फाईलपासूनच. स्वभावावर कारवाई करता येत नाही, वागण्यावर करता येते. आणि वागणे कागदावर आले नसेल तर तुमच्या हातात फक्त कुजबुज असते.

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: 'सर फार उर्मट आहेत, कायम अपमान करतात.' ही तक्रार खरी असली तरी तिचा उपयोग होत नाही. तक्रारदाराला घेऊन शांत बसा आणि विचारा: शेवटचे कधी घडले? कुठे? नेमके शब्द काय होते? कोण कोण हजर होते? त्यानंतर तुम्ही काय केले? अर्ध्या तासाने त्याच माणसाकडून असे काही बाहेर येते: 'सोमवारी सकाळच्या आढावा बैठकीत, सहा जणांसमोर, माझा अहवाल टेबलावर आपटून ते म्हणाले, हे काम शाळेतल्या पोराला दिलं असतं तरी बरं झालं असतं, उद्यापासून तू नुसत्या फायली उचल. मी उठून बाहेर गेलो. संध्याकाळी दोन दिवसांच्या रजेचा मेल टाकला.' आता तुमच्याकडे वार आहे, जागा आहे, सहा साक्षीदार आहेत आणि पडताळून पाहता येईल असा एक मेल आहे. शब्द जसेच्या तसे लिहा. 'अपशब्द वापरले' असे लिहून ते सोज्वळ करू नका, कारण पुढे कोणीतरी विचारणारच की अपशब्द म्हणजे कोणते.

लोक लेखी द्यायला घाबरतात. अशा वेळी बोलणे झाल्यावर टिपण तुम्ही तयार करा, त्या व्यक्तीला वाचून दाखवा, दुरुस्त्या करा, खाली तारीख घाला. 'तुमचे नाव कुठेच येणार नाही' असे आश्वासन मात्र देऊ नका. चौकशीपर्यंत प्रकरण गेले तर आपल्याविरुद्ध कोण काय म्हणते आहे हे जाणून घेण्याचा हक्क टीम लीडरला आहे. नाव गरजेपुरत्याच लोकांना कळेल आणि तक्रारीमुळे त्रास झाला तर त्याची वेगळी दखल घेऊ, एवढेच वचन द्या. तेवढे पाळता येते. सोडून गेलेल्या दोघांनाही फोन करा. शेवटच्या दिवशी माणसाला रिलीव्हिंग लेटर हवे असते, म्हणून तो 'वैयक्तिक' लिहून मोकळा होतो. नव्या ठिकाणी रुळला की बोलतो.

मग टीम लीडरला बोलवा. आधी त्याच्या आकड्यांचे कौतुक, मग हळूच तक्रार, मग पुन्हा कौतुक, असे करू नका. त्याच्या कानात फक्त कौतुक शिरते. प्रसंग वाचून दाखवा आणि त्याचे म्हणणे विचारा. हे विचारणे उपचार म्हणून नको. सहा जणांपैकी दोघांनी वेगळेच सांगितले, असेही होऊ शकते. खात्री पटली की लेखी समज द्या. त्यात कोणते वागणे चालणार नाही, आढावा कधी घेणार आणि पुन्हा घडले तर काय, हे तीन मुद्दे असावेत.

एकदम बडतर्फीवर उडी मारू नका. वाईट भाषा वापरली एवढ्यावरून पहिल्याच वेळी नोकरीवरून काढणे ही कृत्याच्या मानाने फार मोठी शिक्षा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच एका प्रकरणात म्हटले आहे. समज, लेखी ताकीद, मग आरोपपत्र ही चढती भांजणी अशा वागण्यासाठीच आहे. मारहाण, लैंगिक छळ, पैशांची अफरातफर यांसाठी ती नाही. तिथे थेट आरोपपत्र किंवा संबंधित समिती.

विभागप्रमुखांना एक गोष्ट माझ्या वतीने सांगा. या माणसाला सोडले, तर उद्या दुसऱ्या कोणावर याच कारणासाठी कारवाई करताना तो पहिला प्रश्न हाच विचारेल की मग त्याला का सोडले. शिक्षा करताना दोन कर्मचाऱ्यांत भेदभाव झाला, हा बचाव कंपनीला फार जड जातो. आणि त्याच्या धंद्याच्या आकड्यात त्या दोन रिकाम्या खुर्च्यांचा खर्च कोणीच धरलेला नसतो: नवी भरती, नव्यांना शिकवण्यात गेलेले महिने, तुटलेले ग्राहक. तो हिशेब विभागप्रमुखांकडूनच करून घ्या. इतके दिवस त्यांना हे माहीत होते आणि ते गप्प होते, हीसुद्धा नोंद करण्याजोगी बाब आहे.

प्रश्न: मी अकरा वर्षे एका कारखान्यात ऑपरेटर आहे. सुपरवायझरशी बाचाबाची झाली आणि मी अंगावर धावून गेलो असे त्याने लिहून दिले. मला निलंबित केले आहे. आरोपपत्र आले असून सात दिवसांत खुलासा मागितला आहे. एचआरचे साहेब फोनवर म्हणाले, 'राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील.' सोबतचे म्हणतात, उत्तरच देऊ नको, उत्तर दिले की अडकतोस.

उत्तर द्या आणि मुदतीत द्या. राजीनामा देऊ नका.

गप्प बसून तुमचा काहीच बचाव होत नाही. 'संधी देऊनही खुलासा केला नाही' अशी नोंद होते आणि चौकशी एकतर्फी पुढे सरकते. सात दिवस अपुरे वाटत असतील तर त्याच मुदतीत पत्र देऊन वाढीव वेळ मागा. सोबत कागदपत्रेही मागा: सुपरवायझरची लेखी तक्रार, साक्षीदारांचे जबाब, त्या पाळीचे सीसीटीव्ही चित्रण, आणि तुम्ही स्थायी आदेशांतले कोणते कलम मोडले असे कंपनीचे म्हणणे आहे ते. प्रत्येक पत्राची पोच घ्या.

खुलासा आरोपाच्या क्रमाने लिहा. आयुष्यभर किती प्रामाणिकपणे काम केले याची कहाणी पहिल्या पानावर नको. तुमचा तपशील वेगळा असेल, धाटणी अशी असावी: 'मशीनचा गार्ड निघालेला असल्याने मी मशीन बंद ठेवले होते. सुपरवायझरनी ते चालू करायला सांगितले, मी नकार दिला. माझा आवाज चढला हे खरे आहे. मी त्यांच्या अंगावर गेलो नाही, आमच्यामध्ये मशीन होते. शेजारच्या मशीनवरचे दोन ऑपरेटर हजर होते, त्यांना साक्षीसाठी बोलवावे.' आवाज चढला हे यात कबूल केले आहे, याकडे लक्ष द्या. जे घडले ते मान्य करून जे घडले नाही ते ठामपणे नाकारणाऱ्याचे म्हणणे चौकशी अधिकाऱ्याला पटते. मी स्वतः चौकशी अधिकारी म्हणून बसते, तेव्हा 'सर्व आरोप खोटे व खोडसाळ आहेत' एवढीच एक ओळ आली की मला त्या माणसाला मदत करायला जागाच उरत नाही.

चौकशीत तुम्हाला काय काय मिळायला हवे, तेही माहीत असू द्या. तक्रार करणारा किंवा साक्ष देणारा स्वतःच चौकशी अधिकारी असू शकत नाही. तुमच्या आस्थापनेच्या नियमांनुसार सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी सोबत घेता येतो. कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, स्वतःचे साक्षीदार आणता येतात. कामकाज तुम्हाला समजेल त्या भाषेत व्हावे, अशी मागणी पहिल्याच दिवशी लेखी करा. रोजच्या नोंदीवर सही करण्याआधी पान वाचा. बोललेले एक आणि लिहिलेले दुसरे असेल तर सहीच्या वर तसे लिहा आणि मग सही करा. चौकशी संपली की अहवालाची प्रत शिक्षेआधी तुमच्या हातात यायला हवी आणि त्यावर म्हणणे मांडायची संधी मिळायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

निलंबनाच्या काळात पगार बंद झाला तरी निर्वाह भत्ता सुरू राहतो. स्थायी आदेश लागू असलेल्या आस्थापनांत पहिल्या ९० दिवसांसाठी तो वेतनाच्या ५० टक्के असतो. चौकशी त्याहून लांबली आणि तो विलंब तुमच्यामुळे नसेल, तर पुढे ७५ टक्के. नव्या संहितेनुसार निलंबनापासून साधारण ९० दिवसांत चौकशी संपवणे अपेक्षित आहे.

आता त्या फोनबद्दल. स्वखुशीने दिलेला राजीनामा नंतर 'माझ्याकडून जबरदस्तीने घेतला' असे सिद्ध करणे फार कठीण जाते. म्हणून आजच एक साधा मेल करा: 'आपण अमुक तारखेला फोनवर राजीनाम्याविषयी विचारले. मला राजीनामा द्यायचा नाही. मी चौकशीत सहभागी होणार आहे.' भांडणाचा सूर नको, एवढी नोंद पुरे.

एचआरमधल्या वाचकांनो, असे फोन करू नका. आरोपपत्र पाठवून चौकशी सुरू होण्याआधी राजीनामा मागितला, म्हणजे निकाल आधीच ठरला होता असा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलात. एचआर म्हणजे मालकाचा माणूस, हे कामगारांच्या मनात पक्के बसते ते अशाच फोनमुळे.

आणि तुम्ही खरोखरच अंगावर धावून गेला असाल तर तेही सांगा. त्या क्षणी काय झाले होते ते लिहा, दिलगिरी व्यक्त करा आणि अकरा वर्षांच्या स्वच्छ नोकरीचा विचार व्हावा अशी विनंती करा. शिक्षा कृत्याच्या मानाने अवाजवी आहे का, हे तपासून ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयांना १९७१ च्या दुरुस्तीने मिळाला आणि नव्या संहितेत न्यायाधिकरणाकडे तो कायम आहे. त्या वेळी जुना स्वच्छ सेवाभिलेख उपयोगी पडतो.

प्रश्न: एक कर्मचारी तीन आठवडे न सांगता गैरहजर आहे. फोन बंद. आमच्या नियमात 'दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपुष्टात येईल' असे आहे. नाव काढून टाकू का?

नाही. 'आपोआप' हा शब्द न्यायालयात टिकत नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी असेच प्रकरण होते. स्थायी आदेशांत आठ दिवसांची मर्यादा होती आणि कंपनीने तिच्या आधारे कामगाराचे नाव कमी केले होते. तरीही त्याचे म्हणणे न ऐकता नोकरी संपवता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि त्याला अर्ध्या मागील वेतनासह कामावर परत घ्यायला लावले.

शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा: कधीपासून गैरहजर आहात, कधीपर्यंत हजर व्हा किंवा कारण कळवा. मेल आणि मेसेजवरही तेच पाठवा. नेमणुकीच्या वेळी आपत्कालीन संपर्क म्हणून दिलेल्या नंबरवर फोन करा. घाईत बहुतेक कार्यालये हीच गोष्ट विसरतात, आणि माणूस रुग्णालयात असल्याचे नेमके तिथेच कळते. दुसरे पत्र, मग आरोपपत्र, मग गरज पडल्यास एकतर्फी चौकशी. परत आलेले पाकीट न फोडता फाईलला लावून ठेवा.

प्रश्न: माझे वरिष्ठ रात्री उशिरा मेसेज पाठवतात. आधी कामाचे, मग 'झोपलीस का', 'फोटो पाठव ना'. मी उत्तर देणे बंद केल्यापासून माझ्या कामात चुका काढल्या जात आहेत. एचआरला सांगितले तर म्हणाले, 'दोघांना समोरासमोर बसवून मिटवू, विषय कशाला वाढवायचा.' हे होऊन दोन महिने होत आले.

तुम्हाला त्यांच्यासमोर बसण्याची अजिबात गरज नाही. आणि मुदत चालू आहे, म्हणून आधी तारखांकडे पाहू.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा आहे. त्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. कायद्यानुसार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्या वाढीव मुदतीच्या भरवशावर राहू नका, याच आठवड्यात तक्रार द्या.

तक्रार एचआरकडे करायची नसते, अंतर्गत समितीकडे करायची असते. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असते, किमान निम्म्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. समितीची नावे कार्यालयात लावलेली असायला हवीत. ती कुठेच दिसत नसतील तर मेल करून विचारा. समिती स्थापन केलेली नसेल तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

तक्रारीत प्रत्येक मेसेजची तारीख, वेळ आणि मजकूर क्रमाने लिहा. पडद्याचे फोटो काढून ठेवा, पण मूळ संभाषण फोनमधून पुसू नका आणि फोन बदलायचा असेल तर आधी सगळे जपून ठेवा. तुम्ही उत्तर देणे कधी थांबवले, ती तारीख लिहा. त्यानंतर कामातल्या चुका काढणारे मेल कधीपासून सुरू झाले, ते लिहा आणि त्याआधीची तुमच्या कामाची चांगली मूल्यांकने सोबत जोडा. या दोन तारखा शेजारी शेजारी आल्या की समितीला पुष्कळ काही कळते. 'मला अस्वस्थ वाटले' हेही लिहा. समोरच्याचा हेतू काय होता यापेक्षा ते वागणे तुम्हाला नको होते, हे इथे महत्त्वाचे आहे.

समझोत्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. तो फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच होतो आणि पैसे देऊन मिटवणे हा त्याचा आधार असूच शकत नाही. एचआरने सुचवला म्हणून समझोता होत नाही. उलट चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागणी केलीत, तर समिती तुमची किंवा त्यांची बदली सुचवू शकते, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची शिफारस करू शकते, आणि तुमच्या कामाचे मूल्यांकन त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे द्यायला सांगू शकते. तुमच्या बाबतीत ही शेवटची मागणी पहिल्याच अर्जात करा. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि मालकाने ६० दिवसांत त्यावर कारवाई.

'सिद्ध झाले नाही तर माझ्यावरच उलटेल' अशी भीती अनेकींना वाटते, म्हणून सांगते: तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. कारवाई होते ती जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी तक्रार केल्याचे वेगळ्या चौकशीत आढळले तरच. पोलिसांत जायचे असेल तर तो मार्ग तुम्हाला वेगळा खुला आहे आणि त्यात मदत करणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

तुमच्या एचआर अधिकाऱ्याचे वागणे मला गंभीर वाटते. 'विषय वाढवू नका' म्हणणाऱ्याने विषय मिटवलेला नसतो. तक्रार करणारीचे दोन महिने खाल्लेले असतात.

प्रश्न: आमच्या एका फिरतीवरच्या माणसाने प्रवासाच्या बिलांत खाडाखोड केली. रक्कम फार नाही. त्याने आमच्यासमोर कबूल केले, लिहून दिले, रडला. आता नोकरीवरून काढावे, पगारातून कापून सोडून द्यावे, की पोलिसांत द्यावे?

आधी हे सांगा, 'आमच्यासमोर' म्हणजे कोणासमोर? संध्याकाळी सगळे गेल्यावर, बंद केबिनमध्ये, तीन साहेबांनी मिळून घेतलेला कबुलीजबाब असेल तर त्याच्यावर इमारत उभारू नका. उद्या तो म्हणेल, घाबरून लिहिले. आरोपपत्र द्या, बिलांच्या प्रती जोडा आणि त्याला वेळ देऊन लेखी खुलासा मागा. तिथेही त्याने स्वच्छ शब्दांत कबुली दिली तर तिला अर्थ आहे.

दरम्यान मूळ बिले ताब्यात घ्या आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत ते लिहून ठेवा. सीसीटीव्हीचा संबंध असेल तर त्याच दिवशी चित्रण वेगळे काढा, कारण ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. मग ही बिले मंजूर कोण करत होते ते पाहा आणि त्याच विभागातल्या इतरांची बिलेही तपासा. सगळेच तसे करत असतील आणि वरिष्ठ डोळे झाकून सही करत असतील, तर एकट्याला फासावर चढवणे अन्याय होईल.

रक्कम लहान आहे म्हणून गुन्हा लहान, असे कायदा मानत नाही. प्रवाशांकडून पैसे घेऊन तिकीट न देणाऱ्या कंडक्टरांची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा कायम ठेवली आहे, रक्कम किरकोळ असूनही. विश्वासावर चालणाऱ्या पदावर विश्वास गेला तर पद राहत नाही, असा तो विचार आहे. तरीही शिक्षा ठरवताना मी दोन गोष्टी पाहते: हे एकदा घडले की महिनोन्‌महिने, आणि सापडण्याआधी सांगितले की सापडल्यावर.

पगारातून परस्पर कापू नका. नुकसानभरपाई कापण्याआधी त्याला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. शिक्षा म्हणून दंड करायचा तर वेतन संहितेनुसार तो एका वेतनकाळाच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. काढायचेच ठरले तर शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो आणि भविष्य निर्वाह निधीला कंपनीला हात लावता येत नाही.

पोलिसांत जायचे की नाही, हा तुमचा निर्णय. गेलात तरी अंतर्गत चौकशी थांबवावीच लागते असे नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या निकालापासून स्पष्ट आहे. वस्तुस्थिती एकच असेल आणि प्रकरण गंभीर व गुंतागुंतीचे असेल तर चौकशी काही काळ थांबवणे इष्ट ठरते. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, अंतर्गत चौकशीत शक्याशक्यतेच्या तराजूवर निष्कर्ष काढता येतो. मात्र 'पैसे भर नाहीतर पोलिसांत देतो' असे म्हणू नका. ती धमकी आहे आणि ती तुमच्यावर उलटू शकते.

प्रश्न: ऑफिसबाहेरच्या, खासगी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने साहेबांवर विनोद टाकला. कोणीतरी साहेबांना दाखवला. साहेब म्हणतात, नोटीस काढा.

काढू नका. गैरवर्तन ठरायला कामाशी काही धागा लागतो: सहकाऱ्याला धमकी, जातीवाचक किंवा लैंगिक शेरा, कंपनीची गोपनीय माहिती बाहेर जाणे, कामाचे प्रत्यक्ष नुकसान. नियमावलीत न लिहिलेल्या कृत्याला मागाहून गैरवर्तन ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्थायी आदेशांच्या संदर्भात १९८० च्या दशकात एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे. साहेबांचा राग मला समजतो. पण नोटीस निघाली की आठ जणांनी वाचलेला विनोद सगळी कंपनी वाचेल.

प्रश्न: माझ्यावर साहित्य चोरल्याचा आळ होता. चार महिने निलंबित होतो. चौकशीत काहीच सिद्ध झाले नाही. कामावर परत घेतले आहे, पण कोणी नीट बोलत नाही. स्टोअरची किल्ली आता दुसऱ्याकडे आहे. मी काय मागू शकतो?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. आरोप सिद्ध करण्याबद्दल सगळे विचारतात, सिद्ध न झाल्यावर काय करायचे हे फार थोडे विचारतात.

पहिली मागणी पैशांची आणि नोंदीची. चौकशीत दोषी न ठरल्यास निलंबनाचा काळ कामावर असल्याप्रमाणे धरला जातो आणि दिलेला निर्वाह भत्ता वजा करून राहिलेले पूर्ण वेतन मिळायला हवे. त्या काळातली पगारवाढ, रजा, नोकरीची सलगता हेही तपासा. 'आरोप सिद्ध झाले नाहीत, निलंबन मागे घेण्यात येत आहे' असे स्पष्ट पत्र मागा. फक्त 'कामावर रुजू व्हा' एवढेच पत्र देऊन बोळवण होत असेल तर ते पुरेसे नाही.

दुसरी मागणी किल्लीची. लेखी विचारा: माझ्या जबाबदाऱ्या बदलल्या आहेत का, आणि असल्यास कारण काय? निर्दोष ठरवून परत घ्यायचे आणि पूर्वीचे काम मात्र द्यायचे नाही, ही मागच्या दाराने केलेली शिक्षाच आहे. प्रशासकीय कारण खरे असेल तर ते कागदावर येऊ द्या.

सहकाऱ्यांच्या अबोल्यावर अर्ज करता येत नाही. इथे जबाबदारी तुमच्या एचआरची आणि विभागप्रमुखांची आहे. निलंबनाच्या दिवशी ज्या लोकांना ते कळले होते, त्या सर्वांना निकालही त्याच पद्धतीने कळायला हवा. तुम्हाला गेटवरून परत पाठवले असेल तर सुरक्षा रक्षकांनाही सांगायला हवे. पाळीच्या सुरुवातीला सर्वांसमोर नाव घेतले असेल तर पाळीच्या सुरुवातीलाच सांगायला हवे. मात्र काहींना पुन्हा सगळ्यांसमोर आपले नाव निघणेच नकोसे वाटते. म्हणून विभागप्रमुखांना भेटा आणि तुम्हाला काय हवे ते सांगा: सर्वांसमोर दोन वाक्ये, सूचना फलकावर पत्र, की फक्त स्टोअरच्या चार माणसांशी त्यांनी बोलणे. भेटीनंतर ठरले ते मेलवर लिहून पाठवा आणि त्यात किल्ली परत देण्याची तारीखही विचारा.